एका पिल्लाच्या पोटाचा तडजोडनामा

अर्जनवीस या शब्दाचा अर्थ अलीकडच्या पिढीला सांगावा लागतो, म्हणून आरंभीच सांगून टाकतो. संभाजीनगरच्या कचेरीबाहेर, लिंबाच्या सावलीत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोक्यावर ताडपत्री एवढ्या सामग्रीवर जो मनुष्य दुसऱ्याचे गाऱ्हाणे सरकारला समजेल अशा भाषेत लिहून देतो, तो अर्जनवीस. गाऱ्हाणे घेऊन येणारा रडतो, शिव्या देतो, मध्येच मेव्हण्याची हकीकत सांगतो. त्यातून कामाचे तेवढे वेचून ‘सबब विनंती की’ येथपर्यंत आणून पोहोचवणे ही माझी विद्या. शाळेने मला नववीनंतर निरोप दिला, अथवा मी तिला दिला, याविषयी घरात दोन मते आहेत. परंतु माझा मसुदा वाचून चांगल्या चांगल्या वकिलांनी ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारलेले आहे, आणि ते प्रत्येक वेळी रागाने विचारलेले नाही.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. मजकूर पूर्ण झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याची सही अथवा अंगठा घ्यायचा आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात लिहायचे : ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले. मजकुराशी लेखकाचा संबंध नाही.’ ही ओळ म्हणजे आमची छत्री. वर कितीही गडगडाट होवो, लिहिणारा कोरडा. मी पंचवीसेक वर्षे या छत्रीखाली बसलो. बांधाचे, वाटणीचे, सासू-सुनांचे, हरवलेल्या म्हशींचे अर्ज लिहिले आणि संध्याकाळी हर्सूलला घरी जाऊन निवांत जेवलो. माझे जेवण तोडले ते एका कुत्र्याच्या पिल्लाने. दिवाळी अंकाच्या वाचकांना हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटला नाही, आणि अजूनही वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट. सकाळी टेबल मांडतो न मांडतो तोच एक वृद्ध गृहस्थ समोर उभे राहिले. धोतर, पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी. बरोबर त्यांची सून, हातात कापडी पिशवी. गृहस्थ मूळचे देवगाव रंगारीचे. जन्म मेंढरांमागे गेला, गुडघे थकल्यावर मेंढरे विकली आणि बजाजनगरात मुलाकडे राहायला आले. मुलगा संतोष वाळूजच्या कारखान्यात पाळीने कामाला. घर सोसायटीतील पहिल्या मजल्यावर. वृद्धाचे नाव सखाराम, सगळे आबा म्हणतात. सुनेचे नाव रेखा.

“सायेब, सोसायटीवाल्यानं कागद धाडलाय,” आबा म्हणाले. “वाचा बरं जरा. ह्या पोरीनं वाचून दावला, पर तिचं वाचनं मला पटत नाय.”

“मामा, जे लिहिलंय तेच वाचलं मी,” रेखा सासऱ्यांना म्हणाली.

कागद सेक्रेटरीचा होता. आपल्या कुत्र्याच्या पिल्लाने जिन्यात वारंवार घाण केल्याने रहिवासी त्रस्त आहेत. महिनाअखेरच्या रविवारी बैठक आहे, तोपर्यंत बंदोबस्त न झाल्यास पिल्लू आवारातून हलवावे लागेल. भाषा सामान्य होती, परंतु धमकी स्वच्छ होती.

“पिल्लू कोठे आहे?” मी विचारले.

रेखाने पिशवीचे तोंड उघडले. आतून एक काळे, ओलसर नाक वर आले. छातीवर पांढरा ठिपका, डोळे अर्धवट मिटलेले. पिशवीतून जो वास आला त्यावरून नोटिशीतील मजकूर खरा असल्याचे मला तत्काळ मान्य करावे लागले.

“ह्याची आय मह्या कळपाची राखणदार व्हती,” आबा म्हणाले. “मेंढरं इकली, कुत्री पुतन्याकडं ठिवली. तिला हे झालं. मागल्या बाजाराला गेलो अन् उचलून आनलं. काळ्या नाव हाय.”

“ब्रुनो,” रेखा हळूच म्हणाली.

“बगा सायेब. मेंढरामागचं कुत्रं, अन् ब्रुनो!”

नोटिशीला उत्तर लिहिणे माझ्या दृष्टीने किरकोळ काम. परंतु उत्तरात ‘बंदोबस्त करीत आहोत’ असे लिहायचे तर बंदोबस्त कशाचा, हे समजून घेणे भाग होते. म्हणून मी पोट बिघडण्याचे कारण विचारले आणि दोघे एकदम बोलू लागले. आबा पिल्लाला बाजरीची भाकर दुधात कुस्करून घालीत. रेखाने दुकानातून पिल्लांचे पाकीटबंद खाद्य आणले होते, तिच्या मते डॉक्टर तेच देतात.

“मुरमुऱ्यावानी गोळ्या त्या! धड दात नाय आले त्याला.”

“भिजवून देते ना मी. पण मी आंघोळीला गेले की मामा वाटी पालथी करतात, सर.”

“अन् म्या खाली जरा उन्हाला बसलो की ही दूध वतून देती, ते कोन सांगंल?”

शेजारच्या टेबलावरील टायपिस्ट रफिकभाई चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. ते म्हणाले, “क्या मियाँ, अब कुत्तों का बी समझौता करने लगे क्या? वकालतनामे पे पंजा लगवाओ उसका.”

मी दुर्लक्ष केले. कारण त्या क्षणी मला या प्रकरणाचे मूळ दिसले होते. वाद अन्नाचा नव्हताच. आबांनी बोलता बोलता सांगितले की त्यांच्याकडे कळपाच्या कुत्र्याला भाकरीचा पहिला तुकडा मालकच घालतो, आणि ज्याच्या हातचा तुकडा, त्याच्याच मागे ते कुत्रे आयुष्यभर चालते. म्हणून त्यांना आपल्या हातची वाटी सोडवत नव्हती. आणि नवरा कामाला गेल्यावर दिवसभर त्या घरात एकटी असणारी रेखासुद्धा आपली वाटी सोडायला तयार नव्हती. थोडक्यात, मालमत्ता एक आणि वहिवाटदार दोन.

अशी प्रकरणे मी शेकडो पाहिली आहेत. एका गावात दोन भावांत एक विहीर होती. दोघांनी एकमेकांची पाण्याची मोटार जाळण्यापर्यंत मजल नेली होती. मी त्यांना पाण्याची पाळी लिहून दिली. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. आज त्या विहिरीवर दोघांची पोरे एकत्र पोहतात. तडजोडीत दोन्ही पक्षांना पूर्ण हक्क द्यावा, परंतु एकाच वेळी देऊ नये, हे माझे तत्त्व तेव्हापासून पक्के झालेले आहे.

म्हणून मी नोटिशीच्या उत्तरासोबत एक तडजोडनामा लिहिला. सदर पिल्लास एक दिवस पक्षकार क्रमांक एक यांनी भाकर व दूध घालावे, दुसऱ्या दिवशी पक्षकार क्रमांक दोन यांनी पाकिटातील खाद्य घालावे, याप्रमाणे आळीपाळीने. एकाच्या पाळीत दुसऱ्याने वाटीस हात लावू नये. रविवारचा पेच होता, तो संतोषच्या सुट्टीचा दिवस. रविवार तटस्थ ठेवून संतोषला दिला. नावाचा वाद नको म्हणून सर्वत्र ‘सदर पिल्लू’ असा उल्लेख केला. वाचून दाखवले. आबा खूश झाले, रेखानेही मान डोलावली. अंगठा झाला, सही झाली. खाली नेहमीची ओळ लिहिली : मजकुराशी लेखकाचा संबंध नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना ही ओळ प्रथमच मला खटकली. मजकूर त्यांनी सांगितला नव्हता. तो माझा होता.

चार-पाच दिवस गेले आणि आबांचा फोन आला.

“सायेब, लई पातळ झालंय. पान्यावानी.”

“कोणाच्या पाळीत?” मी विचारले. धंद्याची सवय.

“तिच्या! मह्या दिवशी बरं असतंय. तिचा दिवस उजाडला की सुरू.”

तासाभराने रेखाचा फोन. “सर, मामांच्या दिवशी जास्त होतंय. मी लक्ष ठेवून आहे.”

मी दोन्ही जबाब मनाशी ताडून पाहिले. दोघेही खोटे बोलत नव्हते. आज खाल्लेले आजच बाहेर पडत नाही. आबांच्या वाटीतील बिघाड रेखाच्या पाळीत उघड होत असे आणि रेखाच्या वाटीतील आबांच्या. माझ्या तडजोडनाम्याने प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध दररोज नवा पुरावा मिळवून दिला होता. विहिरीचे पाणी ज्याच्या पाळीत उपसले, त्याच्याच शेतात जाते. पोटाची रचना तशी नाही, ही गोष्ट मसुदा लिहिताना माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्यात रविवारी तटस्थ पक्षकार संतोष याने मटणाचे हाड घातले.

त्यानंतर माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. एका अर्जात मी ‘अर्जदार पातळ परिस्थितीतून जात आहे’ असे लिहून बसलो, ते खोडावे लागले. घरी ताटावर बसलो की पिशवीतील ते मिटलेले डोळे समोर येत.

“कोणाचं पोट बिघडलंय?” पत्नीने विचारले.

“पक्षकाराचे.”

“मग तुम्ही का उपाशी?”

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल रफिकभाईंच्या भरवशावर सोडून मी बजाजनगरला गेलो. संपूर्ण कारकिर्दीत पक्षकाराच्या घरी जाण्याची ही माझी पहिली वेळ. आमच्या धंद्यात माणसे आमच्याकडे येतात, आम्ही जात नाही. त्यातच आमची प्रतिष्ठा असते.

जिना फिनेलने धुतलेला होता. वर दार उघडेच होते. खोलीच्या कोपऱ्यात घोंगडीवर पिल्लू आडवे पडले होते. मी आत गेलो तरी त्याने मान उचलली नाही, शेपटीचे टोक तेवढे एकदा हलले. पोट आत गेलेले, बरगड्या मोजता याव्यात अशा. दाराशी एक गाठोडे बांधून ठेवले होते.

“हे कोणाचे?” मी विचारले.

“मपलं,” आबा म्हणाले. “हे गेलं तर म्या बी जातो गावाकडं.”

“तिकडे कोण आहे आता?”

“कोन हाय, नाय, ते मंग बगू. हितं तरी काय हाय? दिसभर भिताडं बगायची.”

रेखा आतून पाणी घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. मला पाणी देताना ती आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “सर, मामा इथं आले तव्हापासून बोलतच नव्हते हो. जेवा म्हटलं की जेवायचे, बस. हे पिल्लू आलं अन् बोलायला लागले. भांडतात माझ्याशी, पण बोलतात. हे गेलं तर…”

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. नोटीस, बैठक, सेक्रेटरी हे सारे दूर राहिले. त्या घोंगडीवर जे पडले होते त्याच्या श्वासावर या घरातील बोलणे टांगलेले होते, आणि त्या श्वासाखाली माझ्या हाताचा मसुदा होता.

“उचला त्याला,” मी म्हणालो. “दवाखान्यात.”

रिक्षात आबा पिल्लाला घोंगडीत धरून मध्ये बसले. एका खड्ड्यात रिक्षा आदळली तेव्हा पिल्लू कण्हले आणि आबा रिक्षावाल्यावर खेकसले, “हळू रे बाबा, लेकरू हाय संगं!” रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले आणि खरोखरच हळू चालवू लागला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. समोर शेळ्या, एक बैल आणि बरीच गर्दी. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी पिल्लाला टेबलावर घेतले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, अंगातील पाणी आटल्याची ती खूण. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला.

“उलटी?”

“नाय.”

“शीमध्ये रक्त?”

“नाही दिसलं, मॅडम,” रेखा म्हणाली.

“खायला काय देता?”

येथे आबा आणि रेखा एकदम सुरू झाले. मी हात वर करून दोघांना थांबवले आणि खिशातून तडजोडनाम्याची प्रत काढून बाईंपुढे ठेवली. तोंडी जबाबापेक्षा लेखी बरा, असे मला वाटले.

बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग वर पाहिले. “हे कोणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो.

“अक्षर छान आहे. आणि पिल्लाला जे झालंय ते हेच आहे.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसे समजलो तसे येथे देतो, कारण वाचकांपैकी कोणाच्या घरी पिल्लू येणार असेल तर उपयोगी पडेल. पिल्लाचे पोट एका अन्नाला सरावायला काही दिवस घेते. आतमध्ये जी काही बारीक सृष्टी अन्न पचवत असते, ती त्या अन्नाप्रमाणे घडत जाते. अन्न एकदम बदलले की ती सृष्टी गोंधळते आणि खाल्लेले तसेच पातळ होऊन निघून जाते. आम्ही तर रोज बदलत होतो. पोट भाकरीसाठी तयार व्हायला लागले की गोळ्या, गोळ्यांसाठी तयार व्हायला लागले की भाकर, आणि रविवारी हाड. मोठ्या कुत्र्याने हे एखादे वेळी सोसले असते. या जिवाच्या अंगात पाणीच किती असणार, ते असे वाहून गेले तर उरणार काय?

“म्या तर जुनंच घालत व्हतो,” आबा म्हणाले. “गावाकडं बी भाकर-दूधच व्हतं.”

“दूध कोणतं, आबा?”

“तिथं? आयचं. अन् वरून मेंढीचं दोन घोट.”

“आणि इथं?”

“पिशवीचं. म्हशीचं.”

“म्हणजे बदल तुम्हीही केलाच की,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाईत होत्या. “पुष्कळ पिल्लांना हे दूध पचत नाही. दूध बंद.”

आबांनी घोंगडीच्या कडेशी चाळा केला. ‘भाकर व दूध’ असे मी जे तडजोडनाम्यात नमूद केले होते, तेही दूध कोणाचे हे न विचारता केलेले अपुरे वर्णन निघाले. मिळकतीची चतुःसीमा न पाहता लिहिलेल्या दस्तासारखे.

बाईंनी पिल्लाच्या कातडीखाली सलाइन दिले, एक सुई टोचली, शी तपासायला घेतली. उलटी अथवा रक्त दिसले तर क्षणभरही न थांबता आणायचे, कारण पिल्लांचा एक वाईट आजार असाच सुरू होतो आणि तो नाही हे आज छातीठोक सांगता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसले. लस आणि जंताचे औषध पिल्लू सावरल्यावर. तोवर मऊ शिजवलेला भात, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. शी आकार धरू लागली की मग खाणे हळूहळू बदलायचे.

“पाळीनं नाही,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “एकाच वाटीत. आधी भात जास्त, नवीन खाणं चिमूटभर. मग जरा वाढवा, दोन-तीन दिवस तिथंच थांबा, मग पुन्हा जरा वाढवा. पातळ झालं तर एक पायरी मागं. घाई करायची नाही.”

“नवीन म्हणजे कोणतं? त्यांचं का माझं?” रेखाने विचारले.

“सध्या पाकिटातलं, कारण वाढत्या अंगाला नुसती भाकर पुरत नाही. पुढं भाकरीचा तुकडा चालेल, हवं तर उकडलेलं अंडं. पण ठरवा एकदाचं, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच पाळा.”

बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, “सायेब, मंग नवा कागद करा.”

“नाही,” मी म्हणालो. “आता कागद नको. वाटी एक, आणि तिच्याजवळ दोघांनी बसायचे. भात तुम्ही कुस्करा, त्यात गोळ्या तिने भिजवून घालायच्या. तुकडा कोणाच्या हातचा हे त्याला कळता कामा नये.”

आबांनी पिल्लाकडे पाहिले. मग म्हणाले, “जगू द्या आधी. मंग कुनाच्या बी मागं जाऊ द्या.”

पुढील दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. रोज सकाळी टेबल मांडले की पहिला फोन बजाजनगरला. समोर अर्जदार बसलेले असत आणि मी विचारीत असे, “उलटी? रक्त? आकार धरते आहे का?” एकदा जमिनीच्या मोजणीसाठी आलेले एक वयस्क गृहस्थ हे ऐकून हळूच उठले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले.

रफिकभाईंना तर रान मोकळे मिळाले. “वल्ला, इत्ती फिकर सगी औलाद की नहीं करे कोई. नाम क्या रखे उसका?”

“सदर पिल्लू,” मी म्हणालो.

ते इतके हसले की त्यांच्या टायपिंगमध्ये तीन चुका झाल्या. परंतु दोन दिवसांनी मला यायला उशीर झाला तेव्हा मी टेबल मांडायच्या आधीच त्यांनी विचारले, “कैसा है वो? फोन किये?” आणि मी सांगितले की रात्रभर शांत झोपले, तेव्हा ते “शुकर है” म्हणाले आणि चहा मागवला.

पिल्लू भातावर सावरू लागले. मग चिमूटभर गोळ्या, मग थोड्या अधिक. रेखाने फोनवर सांगितले, “सर, मामा वाटीशी माझ्याआधी येऊन बसतात. म्हणतात, चल, उशीर झाला, काळ्याला भूक लागली.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, ब्रुनोला.”

परंतु बैठक तोंडावर आली आणि पुन्हा फोन. पुन्हा पातळ. बाईंचे ते ‘छातीठोक सांगता येणार नाही’ कानात घुमू लागले. मी रेखाला एकामागून एक प्रश्न विचारले. उलटी नव्हती, रक्त नव्हते. शेवटी खरे बाहेर आले : पिल्लू बरे दिसते म्हणून आबांनी आणि रेखाने एकमताने गोळ्या एकदम दुप्पट केल्या होत्या. भांडणात जे झाले होते तेच एकोप्यातही झाले. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “एक पायरी मागं जा. आणि घाबरू नका.” पहिली आज्ञा आम्ही पाळली. दुसरी पाळता येण्यासारखी नव्हती.

रविवारी सकाळी मी पुन्हा बजाजनगरला गेलो. उत्तर मी लिहिले होते तेव्हा बैठकीलाही मीच उभे राहावे, असे मला वाटले. खरे सांगायचे तर घरी बसवत नव्हते. दाराशी ते गाठोडे अजून तसेच बांधलेले होते. मी त्याकडे पाहिले, आबांनी माझ्याकडे पाहिले.

“आज काय व्हतंय ते बगू,” ते म्हणाले.

बैठक खाली मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून भरली होती. सेक्रेटरी हे शांत, कडक आणि नीटनेटके गृहस्थ. त्यांनी विषय वाचला आणि म्हणाले, “तुमचं लेखी उत्तर मिळालं. भाषा चांगली आहे. पण त्यानंतरही जिना चार वेळा धुवावा लागला. आता नुसतं आश्वासन नको.”

मी उभा राहिलो आणि पोट बिघडण्याची कारणमीमांसा सुरू केली. ‘अन्नबदल’ या शब्दापर्यंत आलो असेन, तेवढ्यात रेखाने माझी बाही ओढली. “सर, त्याला लागलीय वाटतं.”

आबांच्या हातातून खाली उतरलेले पिल्लू जमीन हुंगत भिंतीकडील मातीत गेले होते. एक फेरी मारली. थांबले. दुसरी फेरी मारली. सगळी बैठक वळली. संतोष रात्रपाळी करून तसाच उभा होता, त्याने डोळे मिटले. आबांचे ओठ हलत होते. रेखाने पदराचे टोक मुठीत आवळले. आणि मी, जो कचेरीच्या दारात निकालांची वाट पाहणाऱ्यांना पंचवीस वर्षे ‘धीर धरा’ म्हणत आलो, तोच पिल्लाच्या फेऱ्या मोजत होतो. कारण त्या पिल्लाने आता जे काय करायचे होते त्यावर ते गाठोडे सुटणार की उचलले जाणार, हे ठरणार होते.

पिल्लू बसले. उठले. मागे मातीवर दोन पाय झाडले आणि सरळ आमच्याकडे धावत आले.

शेवटी सेक्रेटरी स्वतः उठले, चष्मा पुसला, जवळ जाऊन वाकून पाहिले.

“हं,” ते म्हणाले. “बांधीव आहे.”

“आकार बगा आकार!” आबा मोठ्याने म्हणाले. “बाभळीच्या शेंगंवानी!”

कोणीतरी हसले, मग सगळेच हसले. रेखा कागद घेऊन गेली आणि सर्वांसमक्ष ती जागा स्वच्छ करून आली. सेक्रेटरींनी तेवढे पाहून घेतले. “ठीक आहे. राहू द्या. पण लेखी द्या, पुन्हा असं होणार नाही म्हणून.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि गुडघ्यावर कागद ठेवला. पुन्हा असे होणार नाही, हे मी लिहिले नाही. पोटाच्या वतीने तशी हमी कोणी देऊ नये, एवढे मी या प्रकरणात शिकलो आहे. मी लिहिले की सदर पिल्लाचे पोट आज रोजी स्थिर आहे, त्याचे अन्न क्रमाक्रमाने बदलण्यात येत आहे, आणि जिना खराब झाल्यास घरातील माणसे तो तत्काळ धुतील. मोठ्याने वाचून दाखवले. पिल्लू आबांच्या पायाशी बसले होते, मग उठून रेखाच्या पायाशी गेले, मग दोघांच्या मधोमध आडवे झाले.

“बरुबर हाय,” आबा म्हणाले. त्यांनी अंगठा उमटवला. मग सुनेला म्हणाले, “रेखा, वर जाऊन ते गठुडं सोड. आतली दुसरी घोंगडी हाय न्हवं, ती टाक त्याला. हिवाचे दिस हायेत.”

ती जिना चढून गेली. मी शेवटची ओळ लिहायला पेन टेकवले. हात सवयीने ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून’ येथपर्यंत गेला. ते मी खोडले. माझ्या कोणत्याही कागदावर खाडाखोड नसते, परंतु त्या कागदावर आहे. तिच्याखाली, बारीक नव्हे, नेहमीच्या अक्षरात लिहिले : ‘समक्ष पाहिले.’ आणि पंचवीस वर्षांत प्रथमच, दुसऱ्याच्या अर्जाखाली साक्षीदार म्हणून माझी सही केली.